२५ टक्के खरे, पण किती दिवसांचे?
डोळ्यासमोरच्या छोट्या स्क्रीनवर कुठला माल उचलायचा ते दाखवणाऱ्या, बारकोडही वाचणाऱ्या स्मार्ट चष्म्यामुळे गोदामातल्या कामाचा उरक २५ टक्क्यांनी वाढतो, असं तुमच्या लेखात ठामपणे म्हटलंय. तो आकडा डीएचएल या माल पोहोचवणाऱ्या कंपनीच्या नेदरलँड्समधल्या बर्गेन ऑप झूमच्या चाचणीचा, २०१५ मध्ये जाहीर झालेला. तिथे १० कामगारांनी तीन आठवडे चष्मे वापरले. तेवढ्यावरून वर्षभराच्या पाळ्यांचा हिशेब कसा मांडता?

मी भिवंडीतल्या गोदामात पिकिंग, म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल काढायचं काम करतो. बारकोड खोक्याच्या खालच्या बाजूला आला की स्कॅनर बगलेत धरून दोन्ही हातांनी खोका उलटावा लागतो. हात मोकळे राहणार असतील तर चष्मा हवाच आहे. पण मे महिन्यात पत्र्याखाली घामाने साधा चष्माही नाकावर टिकत नाही. आणि आम्ही नंबरचा चष्मा लावणाऱ्यांनी तो स्क्रीन बसवायचा कुठे? यावर एक ओळ तरी हवी होती.