आवाज नाही, म्हणून घातपात?

एखादं खासगी जेट कोसळलं की मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. थोडक्यात असा: प्रत्येक जेटमध्ये ब्लॅक बॉक्स असतोच, त्यात उड्डाण पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड होतं, धोका आला की कॉकपिटमध्ये इशारा वाजतोच. तेव्हा रेकॉर्डिंग मिळालं नाही, अपुरं निघालं किंवा त्यात इशारा ऐकू आला नाही, तर समजून जा, कुणीतरी घातपात केलाय. ऐकायला चोख वाटतं. अपघातांचे अहवाल चाळले की यातलं एकेक विधान गळून पडतं.

‘प्रत्येक जेटमध्ये ब्लॅक बॉक्स असतोच.’ नसतो. मुळात ही एक वस्तूच नव्हे. आवाज टिपणारा कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर वेगळा. वेग, उंची वगैरे टिपणारा फ्लाइट डेटा रेकॉर्डर वेगळा. कुठल्या विमानात काय बसवायचं हे नियम ठरवतात, आणि नियम खुर्च्या मोजतात. अमेरिकेत खासगी वापराच्या जेटला व्हॉइस रेकॉर्डर लागतो तो प्रवाशांच्या 6 किंवा जास्त जागा असतील आणि दोन वैमानिक सक्तीचे असतील तर. डेटा रेकॉर्डरची अट 10 जागांपासून पुढे, तीही ऑक्टोबर 1991 नंतर बनलेल्या विमानांना. एकट्या वैमानिकाला उडवता येणारी छोटी जेटं या चाळणीतून सहज निसटतात. 13 ऑक्टोबर 2016 च्या रात्री कॅनडातल्या केलोनाहून निघालेलं सेसना सायटेशन काही मिनिटांतच कोसळलं. चौघं गेले; त्यांत अल्बर्टा प्रांताचे माजी प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) जिम प्रेंटिस होते. एवढा मोठा माणूस, पण विमानात एकही रेकॉर्डर नव्हता आणि नियमाने तो सक्तीचाही नव्हता. तपास मंडळाला नेमकं कारण सांगता आलं नाही. अशा विमानांतही हलके रेकॉर्डर सक्तीचे करा, अशी शिफारस मात्र त्याने केली.

‘सुरुवातीचं रेकॉर्डिंग गायब, म्हणजे पुसलं.’ इथे जरा थांबू, कारण या शंकेला थोडा आधार आहे. बऱ्याच व्हॉइस रेकॉर्डरना पुसण्याचं बटण असतं. पण ते चालतं विमान जमिनीवर, पार्किंग ब्रेक लावून उभं असताना. कोसळत्या विमानात त्याचा उपयोग शून्य. सुरुवात गायब होते ती वेगळ्याच कारणाने: रेकॉर्डर जुन्यावर नवं लिहीत जातो. जुन्या टेपवर फक्त शेवटची 30 मिनिटं राहत, पुढच्या पिढीत 2 तास, आता मोठ्या नव्या विमानांसाठी 25 तासांची अट बऱ्याच ठिकाणी आली आहे. 25 ऑक्टोबर 1999 ला ऑरलँडोहून डॅलसला निघालेल्या लिअरजेट 35 चं पाहा. गोल्फपटू पेन स्टुअर्टसह सहा जण होते. केबिनमधला हवेचा दाब गेला, सगळे बेशुद्ध झाले आणि विमान ऑटोपायलटवर जवळजवळ चार तास उडत राहून साउथ डकोटात पडलं. जे बिघडलं ते पहिल्या काही मिनिटांत. टेप 30 मिनिटांची. ती मिनिटं कुणीही न पुसता पुसली गेली होती. डेटा रेकॉर्डर नव्हताच.

त्याच टेपवर दाब कमी झाल्याचा इशारा वाजताना ऐकू येतो. ऐकायला शुद्धीवर कुणी नव्हतं. ‘इशारा वाजला असता तर वाचले असते’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

‘धोका आला की इशारा वाजतोच.’ यंत्राला जे कळतं त्याचाच इशारा वाजतो. 29 सप्टेंबर 2006 ला ब्राझीलवर एम्ब्राएर लेगसी 600 हे बिझनेस जेट ‘गोल’ या विमान कंपनीच्या बोइंग 737 ला हवेतच धडकलं. बोइंगमधले सर्व 154 जण गेले. लेगसी मोडक्या पंखाने कसंबसं उतरलं. लेगसीचा ट्रान्सपाँडर (रडारला आणि इतर विमानांना आपली ओळख, उंची कळवणारं यंत्र) उत्तर देत नव्हता, त्यामुळे टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा दोन्ही विमानांसाठी निकामी होती. ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ कुणालाच ऐकू आलं नाही. आणि यंत्रणा बंद आहे हे सांगायला लेगसीत कर्कश घंटा नव्हती, पडद्यावर छोटीशी अक्षरं होती. अशी बिघाडाची सूचना कानावरही पडली पाहिजे, असं अमेरिकेच्या तपास मंडळाने पुढे सुचवलं.

कधी इशारा मुद्दाम गप्प ठेवलेला असतो: टेकऑफच्या ऐन धावेत वैमानिक दचकू नये म्हणून बिनमहत्त्वाच्या सूचना दाबल्या जातात. हा बिघाड नव्हे.

आणि कधी कुठलीही घंटा नसताना रेकॉर्डर सगळं सांगून जातो. 31 मे 2014, बेडफर्ड, मॅसॅच्युसेट्स. गल्फस्ट्रीम 4 च्या नियंत्रणांना उभ्या विमानात जखडून ठेवणारा गस्ट लॉक न काढताच धाव सुरू झाली. लॉक असताना थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) फार पुढे जाऊ नये अशी यांत्रिक अडवणूक होती, पण ती पुरेशी अडवत नव्हती. विमान धावपट्टीच्या टोकापलीकडे गेलं, सातही जण गेले. ‘लॉक लागलेला आहे’ हे वैमानिक पुन्हापुन्हा म्हणताना टेपवर आहे. पण जास्त बोललं ते तिसरंच यंत्र, उड्डाणाच्या नोंदी सहज काढून पाहता याव्यात म्हणून बसवलेला क्विक ॲक्सेस रेकॉर्डर: आधीच्या 175 उड्डाणांपैकी 98 टक्के वेळा वैमानिकांच्या या जोडीने नियंत्रणांची पूर्ण तपासणी केलेलीच नव्हती. त्या यंत्रातली नोंद उघडून पाहायला अपघात व्हावा लागत नाही.