चारशे घोडी आणि एक पेंड

माझ्या गाडीत चारशे घोडी आहेत. हे मी नाही, डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद म्हणतो. तो कागद मी पाकिटात बाळगतो आणि कुणी विचारलं नाही तरी दाखवतो. गाडी साठच्या दशकातली, मागच्या चाकांवर ओढणारी, पाट्यांच्या स्प्रिंगची. दिसायला राजेशाही, आवाज ढग फुटल्यासारखा. फक्त ड्रॅग शर्यतीत हिरवा दिवा लागला की ती जागची हलत नाही. म्हणजे चाकं गरगरतात, धुराचे लोट उठतात, लोक टाळ्या वाजवतात. या सगळ्या सोहळ्यात पुढे जाणं तेवढं राहून जातं. नमनाला घडाभर तेल म्हणतात, आमच्या नमनाला टायरची जोडी लागते.

ड्रॅग शर्यत म्हणजे पाव मैल, ४०२ मीटर, नाकासमोर सरळ. वळण नाही, चढ नाही. यात चुकणार काय, असं मला वाटायचं. शिवाय रोज सगळीकडे उशिरा पोहोचणाऱ्या माणसाला निदान एका ठिकाणी तरी लवकर पोहोचावंसं वाटणं साहजिक आहे. पहिल्याच दिवशी शेजारच्या लेनमध्ये एक विजेवर चालणारी कुटुंबवत्सल गाडी आली. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली. दिवे लागले. मी साडेचार हजारांवर रेस दिली आणि क्लच सोडला. धूर विरला तेव्हा ती गाडी पलीकडच्या टोकाला पोहोचून परतीच्या रस्त्याला लागली होती. तिच्या इंजिनाचा आवाज काही मी ऐकला नाही. नसतोच म्हणे.

शर्यतीनंतर हाती मिळते त्या वेळेच्या चिठ्ठीवर पहिल्या साठ फुटांची वेळ होती २.५ सेकंद. ड्रॅगवाले आधी हाच आकडा बघतात, कारण या अठरा मीटरांत घालवलेला एक दशांश सेकंद पाव मैलाच्या शेवटी साधारण दीड-दोन दशांश होऊन वसूल होतो. थोडक्यात, सावकारी व्याज.

मी माझ्या अकलेने उपाय केला. मागे वजन हवं ना? डिकीत वाळूची दोन पोती टाकली. तपासणी करणाऱ्या गृहस्थांनी डिकी उघडली, पोत्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "सुटं वजन चालत नाही. बोल्टने आवळून आणा." वाळूला बोल्ट मारायचा कसा, हे विचारायचा धीर झाला नाही.

शेवटी मिस्त्रींना शरण गेलो. त्यांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी कागद दाखवला, त्याला त्यांनी हात पुसले. मग मागे उकिडवे बसून दोन्ही टायरवरून बोट फिरवलं. डावं टायर जवळजवळ नवं, उजवं माझ्या टकलासारखं.

"साहेब, चारशेतली निम्मी घोडी इथे पेंड खातायत."

प्रकरण असं होतं. इंजिनाचा जोर मागे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट जोरात फिरला की अख्ख्या मागच्या अ‍ॅक्सलला पीळ देतो. डावं चाक जमिनीत दाबलं जातं, उजवं उचललं जातं. त्यात दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा साधा डिफरन्शिअल इतका भिडस्त, की पकड नसलेल्या चाकाच्या ऐपतीएवढाच जोर तो दुसऱ्यालाही देतो. एकाला झेपत नाही म्हणून कुणालाच नको. (मी ज्या कचेरीत काम करतो तिथेही हाच डिफरन्शिअल बसवलेला आहे.) तो बदलून लिमिटेड स्लिप घातला, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा. बॅटरी पुढून काढून डिकीत उजव्या कोपऱ्यात नेली. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे डाव्या बाजूचं वजन मी स्वतः आहे, आणि त्या बाजूची चिंता कधीच नव्हती.

आता चाकं फिरायची थांबली आणि उड्या मारू लागली. तो अनुभव सांगायलाच हवा. क्लच सोडला तसा मागून धाडधाडधाड असा आवाज सुरू झाला, जणू कुणी घणाने डिकी फोडतंय. आरसा निसटून मांडीत पडला. डॅशबोर्डचा कप्पा आपोआप उघडला आणि त्यातून चष्म्याचं घर, पेचकस, विम्याचे कागद आणि मागच्या वर्षी हरवलेली किल्ली असं एकेक खाली उतरलं. किल्ली सापडल्याचा आनंद मानावा की पाठीचा मणका शोधावा, कळेना.

"पाटे पिळतायत," मिस्त्री म्हणाले. जोर आला की अ‍ॅक्सल फिरू बघतो, पाट्याचा नागमोडी आकार होतो, मग तो सटकन सरळ होतो, की चाक उडालं. पुन्हा टेकलं, पुन्हा पीळ. त्यांनी पाट्यांखाली दोन लोखंडी दांड्या बसवल्या, पुढच्या टोकाला रबरी ठोकळा. अ‍ॅक्सल पिळायला लागला की ठोकळा पाट्याला खालून टेकतो आणि म्हणतो, बस. इतकं साधं काम, पण मी दोन महिने कार्ब्युरेटर बदलत होतो. पुढे सहज वर येतील आणि सावकाश बसतील असे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घातले, म्हणजे नाक उचलतं आणि वजन आपसूक मागे येतं, पोत्यांशिवाय.

राहिले टायर. गुळगुळीत स्लिक आणले तर मिस्त्रींनी त्यातली हवा सोडायला सुरुवात केली. मी तीस पौंडांवर वाढलेला माणूस. बावीस, अठरा, सोळा... चौदावर थांबले. टायरच्या बाजूला चुण्या पडल्या.

"पंक्चर वाटतंय हो."

"पंक्चरच वाटायला पाहिजे. आणि साहेब, क्लच सोडायचा असतो, टाकून द्यायचा नसतो."

त्या दिवशी पाण्यात मागची चाकं भिजवली, जागेवर फिरवून तापवली आणि रेषेवर गेलो. पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने खाली उतरत आले. नेहमीच्या सवयीने शेवटच्या पिवळ्यावर क्लच सोडला. धूर नाही, धाडधाड नाही. नाक वर आलं, मान सीटला चिकटली आणि पोट मागे राहिलं. शेजारची ती खुर्चीवाली गाडी आरशात दिसली. आरशात! साठ फूट १.९ सेकंदांत. मी ओरडत ओरडत शेवट गाठला.

चिठ्ठी आणायला सौ. गेल्या होत्या. येताना चेहरा गंभीर.

"अहो, तुम्ही बाद."

हिरव्याच्या तीन शतांश सेकंद आधी गाडी रेषा सोडून गेली होती. लाल दिवा. इतकी वर्षं चाकं जागेवर फिरण्यात जो वेळ जायचा, तो धरूनच माझा पाय बेतलेला होता.

"लवकर निघालो," मी म्हणालो.

त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा नीट वाचली. "लग्नाला पंचवीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "ही मी फ्रेम करून ठेवणार आहे."