जहाज कुणाचं?

“ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो, गल्लीत मतदान घेत नाही. मग राज्याचंच तेवढं मतदानानं का?” बंड्या आल्या आल्या सुरू झाला. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथातलं जहाज त्याच्या डोक्यात घुसलं होतं. जहाजाचा मालक अंगानं दांडगा, पण थोडा बहिरा, नजरेनं अधू आणि समुद्राचं ज्ञान बेताचं. सुकाणू मिळवायला खलाशी आपापसात भांडतात, मालकाला दारू पाजतात. आणि ज्याला खरोखर तारे-वारे कळतात त्या तांडेलाला ‘आभाळाकडे बघत बसणारा’ म्हणून हिणवतात.

“त्या गोष्टीत मालक म्हणजे लोकच ना?” ताईनं विचारलं. “तांडेलाला वाट ठाऊक असेल, पण कुठल्या बंदराला जायचं ते मालकानं सांगायचं. प्लेटो बंदरसुद्धा तांडेलावरच सोपवतो. मला ते पटत नाही.”

“आणि प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्स शहरात चिठ्ठ्या टाकून अधिकारी नेमायचे, ते पटतं?” बंड्या म्हणाला. “सुतार किंवा बासरीवाला कुणी सोडतीनं निवडत नाही, असं प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस म्हणायचा.”

अण्णांनी इतिहास शिकवण्यात जन्म घालवलेला. ते म्हणाले, “अरे, अथेन्सच्या लोकांनाही ते कळत होतं. पाचशे जणांचं मंडळ सोडतीनं, पण सेनापती मात्र हात वर करून निवडलेले. गंमत अशी की ॲरिस्टॉटलच्या लेखी सोडत ही लोकशाहीची खूण आणि निवडणूक ही मूठभरांच्या राज्याची. आपण निवडणुकीलाच लोकशाही म्हणतो, ते त्याला अजब वाटलं असतं.”

मग त्यांनी खरा घाव घातला. “हात वर करून निवडलेल्या त्याच सेनापतींचं काय केलं ते ऐक. इ.स.पू. 406, आर्जिनुसीची लढाई. अथेन्स जिंकलं, पण वादळामुळे फुटलेल्या जहाजांवरची माणसं वाचवता आली नाहीत. सभा भडकली. प्रत्येकाचा खटला वेगळा चालवायचा नियम होता, तो डावलून आठही जणांवर एकच मत घेतलं. हाती लागलेल्या सहांना मारलं. लोकांच्या मनात येईल ते करू देत नाही म्हणजे काय, असा ओरडा झाला होता. सभा चालवणाऱ्यांत त्या दिवशी सॉक्रेटिस होता, त्यानं एकट्यानं नकार दिला. पुढे सात वर्षांनी, इ.स.पू. 399 मध्ये, नागरिकांच्याच न्यायमंडळानं त्याला विष प्यायला लावलं. प्लेटोचा राग पुस्तकी नव्हता.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. अण्णांचं म्हणणं माझ्याही जिव्हारी लागलं.

ताई मात्र हटली नाही. “मधली पानं का गाळता, अण्णा? इ.स.पू. 404 मध्ये लोकशाही मोडून तीस जणांचं राज्य आलं. त्यांचा पुढारी क्रिटियास, प्लेटोचाच नातलग, सॉक्रेटिसच्या संगतीत वावरलेला. म्हणजे शहाण्या घरातली माणसं. काही महिन्यांत त्यांनी शेकडो नागरिक मारले. सलामिसच्या लिऑनला पकडून आणा, असा हुकूम सॉक्रेटिसलाही दिला. तो सरळ घरी गेला. त्या राज्यात पुन्हा विचार करा म्हणायला जागाच नव्हती.”

पुन्हा विचार म्हटल्यावर मला राहवेना. मी अथेन्सच्या मित्र-शहरांपैकी एक असलेल्या मिटिलिनीचं सांगितलं. त्या शहरानं बंड केलं म्हणून इ.स.पू. 427 मध्ये अथेन्सच्या सभेनं तिथले सगळे पुरुष मारायचं आणि बायकामुलांना गुलाम करायचं ठरवलं. हुकूम घेऊन जहाज निघालं. रात्रीत लोकांचं मन खाऊ लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा, थोडक्या मतांनी निर्णय फिरला, दुसरं जहाज सुटलं. वल्हेकऱ्यांनी दारू-तेलात मळलेलं जवाचं पीठ वल्हवता वल्हवता खाल्लं, झोपले तेही पाळीपाळीनं. पहिला हुकूम वाचून झाला होता, अंमल व्हायचा होता, तेवढ्यात ते पोचलं.

“शहर वाचलं,” बंड्या म्हणाला.

“शहर वाचलं,” अण्णा म्हणाले, “पण बंडाचे म्होरके म्हणून हजारावर माणसं मारलीच. त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडिस, त्यानं आकडा दिलाय. आणि तेही सभेनं मत घेऊनच.”