जबड्याच्या गाठी आणि फिरत्या संदेशातले गणित

कौटुंबिक गटांवर सध्या फिरणारा एक संदेश सांगतो, की भारतात जबड्याच्या निम्म्या गाठी अमेलोब्लास्टोमाच्या (दात घडवणाऱ्या पेशींपासून उद्भवणाऱ्या एका गाठीच्या) असतात, म्हणजे दर दुसऱ्या सुजलेल्या जबड्यात कॅन्सर असतो. संदेशाच्या मते तो रूट कॅनालमुळे होतो आणि गाठीला सुरी लागताच अंगभर पसरतो. हे वाचून माझ्या मावशीने ठरलेली बायॉप्सी (तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणे) रद्द केली, म्हणून हे उत्तर.

‘निम्म्या’ या शब्दात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. दातांच्या ऊतींपासून उद्भवणाऱ्या गाठींत आशिया-आफ्रिकेतील रुग्णालयांच्या नोंदींत अमेलोब्लास्टोमा बहुधा अग्रस्थानी असतो, तर उत्तर अमेरिकेत ओडोंटोमा, म्हणजे दातासारख्या कठीण ऊतींची गाठ. परंतु हे प्रमाण प्रयोगशाळेत पोहोचलेल्या नमुन्यांचे आहे, लोकसंख्येचे नव्हे. ओडोंटोमा बहुधा दुखत नाही. तो दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एक्स-रेत सापडतो, आणि जिथे एक्स-रे सर्रास काढले जात नाहीत तिथे नोंदीत येतच नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने जबड्यातल्या केराटोसिस्टला 2005 मध्ये ट्यूमर ठरवले आणि 2017 मध्ये पुन्हा सिस्टच्या (द्रव किंवा तत्सम पदार्थाने भरलेल्या पिशव्यांच्या) यादीत घातले. जबडे तेच राहिले, टक्केवारी बदलली.

लोकसंख्येशी ताडून पाहायचे तर शिअर आणि सिंग यांचा दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडचा 1978 सालचा अभ्यास आजही उपयोगी पडतो. तेथे अमेलोब्लास्टोमाचे वार्षिक प्रमाण दर 10 लाखांमागे कृष्णवर्णीय पुरुषांत 1.96, तर श्वेतवर्णीय पुरुषांत 0.18 आढळले. फरक मोठा आहे, पण त्यातला वरचा आकडाही दहा लाखांत दोनच्या आतच राहतो. दर दुसरा जबडा कुठून आला?

सर्वांत घातक भाग सुरीचा. अमेलोब्लास्टोमा सहसा कॅन्सर नसतो आणि बायॉप्सीने तो कॅन्सर होत नाही. मात्र तो हाड पोखरत संथपणे वाढतो, नुसता खरवडून काढल्यास अनेकदा परततो, म्हणून भोवतालच्या निरोगी हाडासह कापावा लागतो. आज तीन दातांपुरता असलेला भाग दोन वर्षांनी अर्ध्या जबड्याएवढा झाला, तर तेवढा जबडा जाईल, आणि संदेश पाठवणारा तेव्हा दुसरेच काही फॉरवर्ड करत असेल. शिवाय गाठ कोणती हे नुसत्या एक्स-रेवरून खात्रीने सांगता येत नाही. साधी सिस्ट आणि अमेलोब्लास्टोमा त्यात सारखे दिसू शकतात.

रूट कॅनालबद्दल फार लिहीत नाही. उपचाराविना किडत ठेवलेल्या दाताच्या मुळाशी सिस्ट होऊ शकते, आणि रूट कॅनाल ती टाळण्यासाठीच असते. अमेलोब्लास्टोमाची गोष्ट वेगळी: खालच्या जबड्यातील बहुतेक अमेलोब्लास्टोमांत पेशींची वाढ नियंत्रित करणाऱ्या बीआरएएफ जनुकातील बदल सापडतो, हे 2014 पासून ठाऊक आहे.

भारतात ओठ व तोंडाच्या कॅन्सरचे 2022 मध्ये 1 लाख 40 हजारांहून अधिक नवे रुग्ण असल्याचा ग्लोबोकॅनचा (जगभरातील कॅन्सरच्या आकडेवारीच्या प्रकल्पाचा) अंदाज आहे. तो कॅन्सर बहुतांशी तोंडाच्या अस्तरातून, मुख्यतः तंबाखू-सुपारीमुळे होतो. त्या लांबलचक संदेशात तंबाखूचा उल्लेख एकदाही नाही.