खापर पंचांवर फोडू नका, त्यांना मैदानात कुणी उतरवलं ते विचारा

आज पुन्हा सिॲटलमधली ती क्लिप कुणीतरी टाकली आणि वर लिहिलं, ‘पंचही माणूसच, चुका व्हायच्याच.’ डोकंच फिरलं. २४ सप्टेंबर २०१२ च्या रात्री जे झालं त्यावर ‘चुका व्हायच्याच’ म्हणून पांघरूण घालायचं असेल, तर मग खेळात न्याय वगैरे शब्द वापरूच नका.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकन फुटबॉल, एनएफएल ही तिथली व्यावसायिक लीग. लीगने वादामुळे नेहमीचे पंच बाहेर ठेवले होते आणि मैदानात होते बदली पंच. ग्रीन बे पॅकर्स १२, सिॲटल सीहॉक्स ७. उरलेत ८ सेकंद, सीहॉक्सचा चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, चेंडू पॅकर्सच्या २४ यार्डांच्या रेषेवर. सीहॉक्सच्या रसेल विल्सनने एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, उंच चेंडू भिरकावला. सीहॉक्सच्या गोल्डन टेटने पॅकर्सच्या सॅम शील्ड्सला मागून ढकलून पाडलं आणि मग उडी मारली. वर चेंडू आधी पकडला तो पॅकर्सच्या एम. डी. जेनिंग्जने, छातीशी घट्ट. टेटचे हात त्यात नंतर घुसले. सगळे ढिगाऱ्यासारखे खाली आले. दोन पंच धावत पोचले. एकाने दोन्ही हात वर केले, म्हणजे टचडाउन, सीहॉक्सला गुण. दुसऱ्याने त्याच क्षणी डोक्यावर हात हलवून घड्याळ थांबवायची खूण केली. दोघांत धड एकमत झालंच नाही, आणि शेवटी टचडाउनच कायम राहिला.

माझा सगळा राग या एकमत न करण्यावर आहे. अशा वेळी खूण करायची घाई नसते. आधी घड्याळ थांबवायचं, ढिगाऱ्यात हात घालून चेंडू नक्की कुणाकडे आहे ते बघायचं, जोडीदाराशी नजर मिळवायची, दोन शब्द बोलायचे, गरज पडली तर मुख्य रेफरीला बोलवायचं आणि मगच हात वर करायचे. नियमाचं पुस्तक पाठ असून हे येत नाही. वर्षानुवर्षं एकाच चमूत काम केल्यावर येतं.

आणि ‘रिप्ले होता की’ म्हणणाऱ्यांनी रिप्ले कसा चालतो तेही समजून घ्या. मैदानावर दिलेला निर्णय बदलायला वादातीत पुरावा लागतो. म्हणजे पहिली खूण कुठली झाली यावरच पुढचं सगळं ठरतं. ‘इंटरसेप्शन’ (बचाव करणाऱ्या संघाने पास पकडला) अशी खूण झाली असती, तर ती उलटवायलाही तितकाच पक्का पुरावा लागला असता. नियम सांगतो, दोघांनी एकाच वेळी झेलला तर चेंडू पास फेकणाऱ्या संघाचा. पण एकाने आधी ताबा घेतला आणि दुसऱ्याने नंतर हात घातला, तर तो एकत्र झेल नाही. हा फरक ढिगाऱ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाने टिपायचा असतो. आणि टेटने ढकललं ते? त्या वेळच्या नियमांत पास इंटरफिअरन्स, म्हणजे झेलासाठी समोरच्याला ढकलणं-अडवणं, रिप्लेत तपासताच येत नव्हता. पंचाने फ्लॅग (फाउलची खूण म्हणून टाकायचा रुमाल) टाकला नाही की विषय संपला. दुसऱ्या दिवशी लीगने स्वतःच मान्य केलं की तो फाउल द्यायला हवा होता आणि सामना तिथेच पॅकर्सच्या बाजूने संपला असता. अर्थात निकाल तोच ठेवला, सीहॉक्स १४-१२.

मुळात हे बदली पंच आले कुठून? जूनपासून लीगने आपल्या १२१ नेहमीच्या पंचांना बाहेर ठेवलं होतं. वाद पगाराचा आणि मुख्यतः पेन्शनचा. मोठ्या कॉलेज स्पर्धांचे पंच या भानगडीत पडले नाहीत, त्यामुळे भरती झाली ती खालच्या स्तरावरच्या कॉलेज सामन्यांतून आणि त्याहूनही खालून. तिथला खेळ वेगळा असतो हो! कॉलेजमध्ये झेल घेताना एक पाय आत पडला तरी चालतो, इथे दोन लागतात. तिथे गुडघा टेकला की खेळाडू डाउन, म्हणजे ती चाल संपली, इथे प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झालेला असावा लागतो. तिथे बचावपटूच्या पास इंटरफिअरन्सला जास्तीत जास्त १५ यार्ड, इथे फाउल झाला त्या जागेवर चेंडू, मग ते ४० यार्ड का असेनात. वर्षानुवर्षं डोळ्याला लागलेली सवय उन्हाळ्यातल्या चार वर्गांनी मोडत नाही. त्यात खेळाचा वेग. पंचाला आपापला खेळाडू आणि आपापला पट्टा नेमून दिलेला असतो, चेंडू बघायचा नसतो. घाबरलेला पंच चेंडूच बघतो. सिॲटलला शील्ड्स पडला तेव्हा सगळ्यांच्या नजरा वर होत्या.

बरं, हे एका रात्रीपुरतं असतं तरी एक वेळ समजलं असतं. पहिल्याच आठवड्यात ॲरिझोनाविरुद्ध सीहॉक्सला शेवटच्या मिनिटात एक टाइमआउट जास्तीचा मिळाला. अर्ध्या सामन्यात तीन मिळतात, इतकं साधं गणित. तिसऱ्या आठवड्यात मिनेसोटात सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक जिम हार्बो यांना टाइमआउट शिल्लक नसताना दोनदा चॅलेंज (निर्णय रिप्लेत तपासायची मागणी) करू दिलं. त्याच रविवारी डेट्रॉइट आणि टेनेसीच्या सामन्यात, तेही जादा वेळेत, १५ यार्डांचा दंड २७ यार्डांचा झाला. मैदानावर ४४ ची रेषा दोन असतात, दोन्ही अर्ध्यांत एकेक. दंड टेनेसीच्या ४४ वरून मोजायचा होता, मोजला डेट्रॉइटच्या ४४ वरून. टेनेसीला १२ यार्ड फुकट मिळाले, पुढे त्यांनी फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणारे गुण) मारला आणि सामना ४४-४१ ने जिंकला. सात पंच मैदानात, एकाच्याही लक्षात आलं नाही!

खेळाडूंना तर हे पहिल्या आठवड्यातच कळलं. फ्लॅग पडत नाही म्हटल्यावर बचावपटू पाच यार्डांपुढेही रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) धरून ठेवायला लागले. मग पंच अचानक कडक व्हायचे आणि त्याच गोष्टीवर दंड द्यायचे. प्रशिक्षक कानाशी ओरडत राहायचे, कारण ओरडल्यावर पंच डळमळतात हे त्यांना कळून चुकलं होतं. जो संघ नियमात खेळला त्याचंच नुकसान झालं.

हो, नेहमीचे पंचही चुकतात. जानेवारी २०१९ मधला सेंट्स-रॅम्स सामना, जिथे उघड पास इंटरफिअरन्स दिला नाही, तो कुणी विसरलेलं नाही. पण तिथे चूक एका निर्णयाची होती. इथे तीन आठवडे, ४८ सामने, रेषा मोजण्यापासून टाइमआउट मोजण्यापर्यंत सगळंच डळमळीत होतं.

त्या माणसांबद्दल मात्र मला वाईटच वाटतं. शनिवारी छोट्या मैदानांवर इमानेइतबारे काम करणारी माणसं ती. बोलावणं आलं, गेली. कोण नाही म्हणेल? जगाने त्यांची चेष्टा केली, ज्यांनी त्यांना पुरेशा तयारीशिवाय तिथे उभं केलं ते संघमालक काचेच्या बॉक्समध्ये बसून होते.

आणि संताप येतो तो इथे. महिनोन्‌महिने न सुटलेला वाद सिॲटलनंतर दोन दिवसांत, २६ सप्टेंबरला सुटला. पेन्शन २०१६ च्या मोसमापर्यंत चालू ठेवायची, पगार वाढवायचा, जादा पंच नेमून तयार करायचे. यातलं काय जुलैत करता येत नव्हतं? २७ तारखेला बाल्टिमोरमध्ये नेहमीचे पंच आले तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पॅकर्सना त्याचा काय उपयोग? मोसम ११-५ वर (११ विजय, ५ पराभव) संपला. तो एक विजय मिळून सोळा सामन्यांत १२-४ झाले असते, तर बाद फेऱ्यांसाठी दुसरं मानांकन आणि पहिल्या फेरीची विश्रांती त्यांना मिळाली असती. ती ११-४-१ (एक सामना बरोबरीत) वाल्या सॅन फ्रान्सिस्कोला मिळाली. पॅकर्सना जास्तीची फेरी खेळून त्यांच्याच मैदानावर जावं लागलं आणि तिथे ते ४५-३१ ने हरले. घरच्या मैदानावरही हरले असते कदाचित. पण तो सामना घरी खेळायचा हक्क त्यांनी कमावला होता, आणि तो पेन्शनचे पैसे वाचवण्याच्या नादात गेला.