पणत्या विकल्या म्हणजे उपचार झाला?

मनोरुग्णालयातल्या व्यवसायोपचार विभागाचं (रुग्णाला रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत म्हणून उपचार देणाऱ्या विभागाचं) यश तुमच्या लेखात दिवाळीच्या पणत्या-आकाशकंदिलांच्या विक्रीवरून मोजलंय, ते पटलं नाही. मी असा विभाग सांभाळलाय. विक्री वाढवायची म्हटलं की ज्यांचा हात आधीच चांगला चालतो त्यांनाच रोज कामाला बसवलं जातं, आणि जो कॉटवरून उठतच नाही तो तिथंच राहतो. खरं तर आम्ही त्याच्यासाठी असतो. घरी जाण्याआधी माणसाला गोळ्या आठवणीनं घेता येतात का, एसटीचं तिकीट काढून सुटे पैसे मोजून घेता येतात का, रिकामी दुपार कशी घालवायची हे उमगलंय का, हे विभागप्रमुखानं बघायचं. (बैठकीत मात्र आकडा विचारला जायचा तो विक्रीचाच!)

आणि मोबदल्याचं काय? मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 20 नुसार रुग्णावर कामाची सक्ती करता येत नाही, आणि त्यानं केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो. स्टॉलवर किती गल्ला जमला ते लिहिलंत. त्यातले किती पैसे पणत्या रंगवणाऱ्यांच्या हातात पडले, तेही विचारून छापा.