अर्धं मत कुठं ठेवावं?

तुम्ही बडोद्यात राहता, त्यातही दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात, आणि पंतप्रधान मोदींचं १५ ऑगस्ट २०१४ चं लाल किल्ल्यावरचं भाषण तुम्हाला अर्धं पटलं, अर्धं नाही, असं काही झालं असेल तर आधी दार लावून घ्या. हे दुखणं चारचौघांत दाखवण्यासारखं नाही. ज्या मतदारसंघाने एकाच माणसाला ५,७०,१२८ च्या मताधिक्याने निवडून दिलं, तिथं तुमचं अर्धं मत मोजायला कोण बसलंय?

असलं भाषण एकट्याने कधी ऐकू नये. एकटा माणूस विचार करू लागतो. आमच्याकडे माडीवरच्या काकांच्या दिवाणखान्यात अकरा माणसं होती, आणि श्रावणी शुक्रवार असल्यामुळे आत कुकरमध्ये पुरणाची डाळ. शिट्टी झाली की एखादं वाक्य बुडायचं. या शिट्टीचा उपयोग करायला शिका. जे पटलं नाही ते शिट्टीत गेलं म्हणावं. "नियोजन आयोगाच्या जागी नवीन संस्था आणणार म्हणाले, ऐकलंत ना?" "छे हो, नेमकी तेव्हाच शिट्टी झाली."

कौतुकाची चिंता करू नका, ते आपोआप होतं. भाषण खरोखरच चांगलं होतं, तीच तर पंचाईत. पुढ्यात गोळीरोधक काच नाही, हातात लिहिलेलं भाषण नाही, नुसती टिपणं, डोक्याला लाल फेटा, त्याचा हिरवा शेमला पाठीवर, आणि माणूस तासाभराहून जास्त बोलतोय. दहा वर्षं कागदावरून वाचलेली भाषणं ऐकलेल्या कानांना हे पुरणपोळीच्याही आधी पोटभर झालं. मी पंतप्रधान नाही, प्रधान सेवक आहे, असं ते म्हणाले तेव्हा आत्याने डोळ्यांना पदर लावला. तुम्हीही लावा. फक्त त्या वेळी हा सेवक आपण आपल्या घरासाठी निवडला होता, हे आठवू नका. दोन घरं मिळाली तर एक सोडावं लागतं, कायदाच आहे तसा. त्यांनी वाराणसी ठेवली, बडोदं सोडलं. आणि 'काशीस जावे, नित्य वदावे' म्हणत म्हातारी झालेली आमची पिढी काशीवर रुसणार तरी कशी?

पुढं प्रत्येक खासदाराने २०१६ पर्यंत एक गाव आदर्श करून दाखवावं, असं आलं. टाळ्या. तेवढ्यात एक कॉलेजातलं कार्टं म्हणालं, "पण आपला खासदार कुठाय?" पोटनिवडणूक सप्टेंबरात होती, त्या सकाळी बडोद्याची जागा रिकामीच होती. पुरणात केस निघावा तसे सगळे त्याच्याकडे बघत राहिले. कुकरनेही साथ दिली नाही.

खरी कसोटी संडासाच्या वेळी लागते. लाल किल्ल्यावरून शौचालयाबद्दल बोलायला छाती लागते, हे मी अजिबात उपरोधाने म्हणत नाही. वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलींसाठी वेगळी सोय, असा शब्द दिला गेला. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आजी म्हणाली, "सयाजीराव महाराजांनी १९०६ साली शिक्षण सक्तीचं केलं. पोरी गेल्या शाळेत. आणि दिवसभर दाबून बसल्या." १९०६ ते २०१४ म्हणजे एकशे आठ वर्षं, बरोबर एक जपमाळ. हे म्हणजे कौतुक की तक्रार, असं आजीला विचारायच्या फंदात पडू नका. मी विचारलं. तिने माळ पुढं ओढली.

या परिच्छेदाला सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या काकांनी. आता आमच्या वाड्याच्या मागच्या बोळात चार बिऱ्हाडांत मिळून एक संडास आहे. त्याची आतली कडी तीन वर्षांपूर्वी निखळली, तेव्हापासून दाराला सुतळी. आत बसणाऱ्याने तिचं टोक धरून बसायचं आणि बाहेरून कोणी आलं की खाकरायचं. नव्या कडीची वर्गणी अडली आहे ती काकांपाशी, कारण त्यांचा वर वेगळा आहे. "आम्हाला काय त्याचं?" इति काका. भाषणात 'मेरा क्या? मुझे क्या?' या वृत्तीचा समाचार घेतला गेला, तेव्हा सगळ्यांत आधी मान डोलावली तीही काकांनीच. अशा वेळी सुतळीचा विषय काढू नये. छताकडे बघावं.

मुलींना शंभर प्रश्न विचारता, कधी मुलालाही विचारा कुठं जातोस म्हणून, हेही त्यांनी आईबापांना ऐकवलं. वहिनी म्हणाल्या, "अगदी माझ्या मनातलं बोलले हो." आणि वळून मुलीला विचारलं, "एवढी नटून कुठं निघालीस गं?" ती झेंडावंदनाला निघाली होती. चिरंजीव आत झोपले होते. रात्री कधी आले, ते आल्यावर कडी कोणी लावली, काही पत्ता नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा: कट्टर विरोधकापासून चार हात लांब राहा. आमच्या गल्लीत असे एकच गृहस्थ आहेत. सेव-उसळीच्या गाडीवर मी त्यांच्यापाशी नुसतं "शंभर दिवसही झाले नाहीत, बघू या" एवढं म्हणालो. संध्याकाळपर्यंत अख्ख्या रावपुऱ्यात मी पक्ष बदलल्याची बातमी. तुमचं अर्धं मत यांच्या हाती लागलं की ते पूर्ण करूनच परत देतात. तशी ती खोड काकांनाही आहे.

या सगळ्यातून निभावलात तरी रात्र उरतेच. त्या दिवशी पुरणपोळीचा समाचार सगळ्यांनीच जरा जास्त घेतला होता आणि नेमकी माडीवरची टाकी रिकामी झाली. मी बोळात, आत, सुतळीचं टोक मुठीत धरून बसलेलो. बाहेर चपला वाजल्या. मी खाकरलो.

"कोण, तुम्ही का?" काकांचा आवाज. "सावकाश होऊ द्या. काय हो, सकाळी तुम्ही काही बोलला नाहीत. कसं वाटलं भाषण?"

अशा वेळी सुतळी दोन्ही हातांनी घट्ट धरावी आणि म्हणावं, "फारच छान!"